तिथीची पाऊणपट

मला विसरण्याचा आजार आहे. हे वाक्य प्रथम लिहितो. पुढचे कोणी वाचले नाही तरी एवढे कळावे. आजार अजून मोठा झालेला नाही. तो होऊ नये म्हणून मी काय करतो हे विचारायला गावातली माणसे घरी येतात. दर वेळी तेच सांगण्याचा मला कंटाळा आहे. शिवाय दर वेळी तेच सांगेन अशी हमी देता येत नाही. म्हणून लिहून ठेवले आहे.

मी बंदर खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. घर अर्नाळ्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

पाणी

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सहाला भरती. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. खात्यात छापील तक्ते होते. मी आधी पाऊणकीचा पाढा म्हणत असे आणि मग तक्ता पाहत असे. फरक निघाला तर मला तक्त्याचा संशय येई.

माझी पत्नी मालती कामणची, भातशेतीच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा ती समुद्राकडे पाठ करून उभी राहत असे. पुढे खडपावरची, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खडकांना चिकटलेली, शिंपल्यांतली कालवे काढायला शिकली, कारण मला ती आवडतात. पाण्याची वेळ मात्र तिने कधी शिकून घेतली नाही. "पानी कवा?" एवढेच मला विचारायची आणि माझ्या उत्तरावर निघायची. इतक्या वर्षांत तिने ते उत्तर दुसऱ्या कोणाकडे पडताळून पाहिले नाही.

खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक सखल पट्टा आहे. भरतीचे पाणी प्रथम तेथे शिरते. त्यामुळे खडपावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोरडे असतात आणि परतीची वाट गेलेली असते.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या दिवशी तृतीया होती. सकाळी कॅलेंडर मीच पाहिले होते. वाळूवर पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात षष्ठी बसली. ती कोठून आली, हे मला आजही सांगता येत नाही. सहा पाऊण साडेचार. म्हणजे ओहोटी साडेदहाला. पाढा अचूक होता, दिवस चुकला होता. खरी ओहोटी सव्वाआठलाच होऊन जाणार होती.

"अकरापर्यंत काढ निवांत," मी सांगितले. ती कोयता आणि टोपली घेऊन गेली. मी सुरूच्या झाडांच्या सावलीत बसलो.

काही वेळाने सखल पट्ट्यात पाणी चढताना मी पाहिले. पाहिले, आणि ते उतरत आहे असे मानले. पाण्यापेक्षा माझा माझ्या आकड्यावर अधिक विश्वास होता.

"ओ साहेब!" शेजारची मथुरा वाळूवर जाळे पसरत होती, ती ओरडली. "पानी भरलंय! बायकूला आनायची का नाय? का कालवांच्या बदल्यात तिला ठेवून जायची?"

मी उठलो. मथुरा माझ्याआधी दोर घेऊन पाण्यात शिरली होती. मालती छातीएवढ्या पाण्यातून बाहेर आली. टोपली वाहून गेली. कोयता तिने सोडला नव्हता.

घरी आल्यावर तिने केस पुसले आणि चहा ठेवला. मी रागाची वाट पाहत होतो. ती म्हणाली, "तुमची तब्येत बरी नाय. प्रशांतला बोलावते."

प्रशांत आमचा मुलगा. विरारला राहतो.

निदान

डॉक्टर तरुण होत्या. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी मला तीन शब्द दिले: आरसा, लिंबू, होडी. नंतर घड्याळ काढायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. वजाबाकीत मी त्यांना वाट पाहायला लावली नाही. मग त्यांनी ते तीन शब्द परत विचारले. मला होडी आठवली. इतर दोन वस्तू आपल्याला दिल्या होत्या, याचीही आठवण नव्हती.

वार विचारला, तो चुकला. महिना बरोबर आला.

पुढे रक्त तपासले, मेंदूची छायाचित्रे काढली. त्या यंत्राच्या आवाजाविषयी लोक फार सांगतात. मला तो बोटीच्या इंजिनासारखा वाटला. त्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो बाहेर बाकावर बसलेल्या मालतीचा. तिच्या मांडीवर माझे घड्याळ, चष्मा आणि अंगठी होती. ती तिन्ही वस्तू दोन्ही हातांनी झाकून बसली होती.

"काका, याला अजून डिमेन्शिया म्हणत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या आधीची पायरी आहे. काही माणसं या पायरीवर वर्षानुवर्षं राहतात. काही खाली उतरतात."

"औषध?"

"रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. साखर सांभाळायची. कान तपासून घ्या. झोप नीट हवी. आणि व्यायाम. रोज."

"मी औषध विचारले."

"मीही औषधच सांगितलं."

हे उत्तर मला उद्धट वाटले. मालती मात्र पुढे सरकून बसली. "म्हंजी काय काय करायचं, ते सांगा बाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितले. भरभर चालायचे, इतके, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. पायांत आणि हातांत ताकद राहील अशी कामे करायची. तोल सांभाळण्याचा सराव करायचा. हृदयाला जे मानवते ते मेंदूलाही मानवते. रक्त तेच आहे. "पूर्ण बरे व्हाल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "घसरण थांबावी किंवा हळू व्हावी, यासाठी आपल्या हातात जे आहे ते करायचं."

खोटा धीर दिला नाही, म्हणून त्यांचा उद्धटपणा मी माफ केला.

खुर्ची

माझे थोरले बंधू याच वाटेने गेले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा विसरू लागले तेव्हा घरातल्या सर्वांनी एकमताने त्यांना बसवले. बाजार बंद, विहिरीवर जाणे बंद. "दादा, तुम्ही बसा." दारात एक आरामखुर्ची आली. वडीलधाऱ्याला बसवून ठेवणे हा आमच्याकडे मान आहे. त्याला उठून पाणी घ्यावे लागले तर सुनेला बोल लागतो. दादांचे पाय आधी गेले. मग उरलेले सर्व भराभर गेले. शेवटी ते त्या खुर्चीत बसून ही कोणाची खुर्ची आहे असे विचारत. आजार तसाही आला असता, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याला बसायला खुर्ची आम्ही दिली.

निदानाच्या संध्याकाळी प्रशांत घरी आला.

"बाबा, डिसाइड झालंय. तुम्ही आणि आई फ्लॅटवर शिफ्ट व्हायचं. लिफ्ट आहे, सगळं आहे. काही करायचं नाही. फक्त बसायचं, आराम करायचा."

"मी बसणार नाही."

"अरे, म्हणजे काय बाबा? आई बुडता बुडता वाचली! उद्या तुम्ही घराबाहेर पडलात आणि घर नाही सापडलं तर? मी ऑफिसमध्ये बसून काय करू, सांगा ना."

त्याचा आवाज फाटला. तो लहानपणी रडण्याच्या आधी असाच बोलत असे.

मालतीने ताट वाढता वाढता निकाल दिला. "पुढच्या तपासनीपर्यंत आमी इथंच. डॉक्टरीन काय बोलली ते मी ऐकलंय. चालायला मानूस लागतं, लिफ्ट नाय." मग प्रशांतने तिच्या फोनवर भरतीच्या वेळा दाखवणारे काहीतरी बसवून दिले. "आई, आता बाबांना विचारायचं नाही. यात बघायचं."

तिने मान हलवली.

त्या दिवसानंतर तिने खडपावर जाणे सोडले. फोनमध्ये वेळ पाहून ती जाऊ शकली असती. ती वेळही तिने पाहिली नाही. "पानी कवा?" हा प्रश्न घरातून बंद झाला. विसरलेले शब्द परत येतील की नाही, याची मला फारशी चिंता नव्हती. मला तो प्रश्न परत हवा होता.

दालन

आठवड्यातून काही दिवस रुग्णालयाच्या व्यायामाच्या दालनात जावे लागे. तेथे माझ्यासारखी म्हातारी माणसे भिंतीला धरून उभी असत. शिकवणारी मुलगी हसतमुख होती आणि कोणालाही सोडत नसे. पहिला व्यायाम खुर्चीचाच होता. खुर्चीत बसायचे आणि हातांचा आधार न घेता उठायचे. परत बसायचे, परत उठायचे. खुर्चीचा हा उपयोग दादांच्या वेळी आम्हांला कोणी सांगितला नाही.

माझ्या शेजारी इनास असे. आगाशीकडचा बागायतदार, केळी आणि फुले लावणारा, माझ्याच वयाचा, माझ्याच आजाराचा.

"साहेब, कंबर वाकवा थोडी," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "वाकलात तर सलाम केला असं कोन नाय समजनार."

"आपण आपले पाहा."

"माझं काय पाहायचं? मी केळीसारखा. घड आला की वाकलोच."

शिकवणारी मुलगी जमिनीवर रंगीत पट्ट्या लावी. ती रंग पुकारेल त्या पट्टीवर पाय टाकायचा आणि त्याच वेळी काहीतरी म्हणायचे: फळांची नावे, उलटे आकडे. चालताना डोक्यालाही काम मिळाले पाहिजे, असे तिचे सांगणे होते. इनास आपल्या बागेतल्या फुलांची नावे म्हणे आणि मोगऱ्यावर अडकला की "मोगरा, मोगरा, आनखी मोगरा" म्हणत पुढे जाई. मी पाऊणकी म्हणे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन.

"काका, हे कुठल्या भाषेत आहे?" मुलीने विचारले.

"सिस्टर, हे सरकारी भाषेत हाय," इनास म्हणाला. "यात पूर्न काय मिळतच नाय. सगळं पाऊन."

मी त्या दालनात प्रथमच हसलो. मुलीने पट्टी चुकल्याचे सांगितले.

वाळू

उरलेले दिवस किनाऱ्यावर चालायचे. एकट्याने सोडायचे नाही, असा प्रशांतचा हुकूम होता. म्हणून मालती बरोबर येई. आयुष्यभर मी पुढे चाललो आणि ती मागे. आता कळले की ती मागे राहत होती, मागे पडत नव्हती. तिची चाल डोक्यावर भाताचा भारा घेऊन घडलेली आहे. पहिल्या आठवड्यात तिच्या बरोबरीने चालताना मला बोलताही येईना, गाणे दूरच.

"दमलात?"

"नाही."

"मंग बोला काहीतरी. डॉक्टरीननं बोलायला सांगितलंय."

काय बोलावे ते मला सुचेना. इतक्या वर्षांत चालताना बोलण्याची सवय नव्हती. मी पाऊणकी म्हणू लागलो. तिने ती दोन दिवस ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे तुमाला झोपेतपन येतं. जे येत नाय ते करा."

तिचे बरोबर होते. पाढा माझा कधी गेलाच नव्हता. गेला होता तो आजचा दिवस. मग आमचे ठरले. निघताना दारात ती कॅलेंडरवरची तिथी वाचून सांगे. ती तिथी मी सुरूच्या रांगेच्या टोकापर्यंत न्यायची आणि परत घरी आणायची, हातात पाण्याची भरलेली वाटी न्यावी तशी. मध्ये ती मुद्दाम दुसरे विषय काढी: मथुरेच्या सुनेचे भांडण, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या गप्पा, तिच्या कामणच्या भावाचे दुखणे. आणि दारात आल्यावर विचारी, "आज काय?"

सुरुवातीला वाटी वाटेतच सांडलेली असे. मी अंदाज करी. ती "चूक" म्हणत नसे. "उद्या," म्हणे आणि चपला काढी.

पुढे कधीतरी तिथी घरापर्यंत येऊ लागली. चालण्याने आली की तिच्या विचारण्याने, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मीही सांगत नाही. झोप सुधारली, रक्तदाब खाली आला, पायऱ्यांवर कठड्याला हात लागेनासा झाला, एवढे मात्र खरे. काही दिवस वाटी पुन्हा सांडे. असे दिवस अजूनही येतात. ते आले म्हणून चालणे थांबवायचे नाही, हे मी विचारायला येणाऱ्यांना विशेष करून सांगतो.

भीती

तीही लिहिली पाहिजे. एका सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून मी एका पायावर उभा होतो. तोल सांभाळण्याचा तो व्यायाम आहे. पाय बदलायची वेळ आली आणि आतापर्यंत कोणता पाय झाला, हे आठवेना. एवढीशी गोष्ट. परंतु मला दारात दादांची खुर्ची दिसली. माझे हात ओट्यावरून सुटेनात.

मालती भाकरी थापत होती. तिने वर पाहिले.

"काय झालं?"

"कोणता पाय झाला ते आठवत नाही."

"कुठला पन करा," ती म्हणाली. "दोनी आपलेच."

मी डावा उचलला.

आगाशी

पावसाळ्याच्या अखेरीस इनास येईनासा झाला. मी चौकशी केली नाही, मालतीने केली. तो अंगणात पडला होता. दुखापत किरकोळ होती, पण घरच्यांनी त्याला बसवले होते.

आम्ही बसने आगाशीला गेलो. इनास पडवीत होता, खुर्चीत, मांडीवर शाल. त्या दिवसांत शालीची काही गरज नव्हती. त्याने मला ओळखले. नाव मात्र आले नाही. "पाऊनवाले साहेब," तो म्हणाला. विनोद करण्यासाठी तो म्हणाला नाही, हे मला दिसले.

त्याची सून भली बाई. तिने केळी आणून ठेवली. "अंकल, आता पप्पांना कसला व्यायाम सांगता? पुन्हा पडले तर?"

"बसूनही ते पडणारच आहेत," मी म्हणालो. "फक्त ते पडणे तुम्हांला दिसणार नाही."

हे कठोर झाले. मालतीने तिचा हात धरला आणि दादांची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी इनासच्या पुढे उभा राहिलो.

"उठा."

"हात द्या."

"हाताशिवाय."

त्याने खुर्चीच्या हातांवरून हात काढले. मग पाय मागे घेतले, पुढे झुकला आणि उठला. शाल खाली पडली. "वाकलो हा साहेब," तो म्हणाला, "सलाम नाय समजायचा." पुढच्या आठवड्यात सून त्याला दालनात घेऊन आली. ती आता दारात थांबत नाही. तीही खुर्चीचा व्यायाम करते.

पुन्हा पाणी

तपासणी झाली. या वेळचे शब्द वेगळे होते. तीनपैकी दोन आले. डॉक्टरांनी जुने कागद आणि नवे कागद शेजारी ठेवले. "तसंच आहे," त्या म्हणाल्या. प्रशांतचा चेहरा उतरला. "तसंच असणं ही चांगली बातमी आहे," त्यांनी त्याला समजावले. तो बाहेर येऊन माझ्या शेजारी चालू लागला. फ्लॅटचे काही बोलला नाही. रिक्षा करू का, असे त्याने विचारले. मी स्टेशनपर्यंत चालत आलो. तोही चालला, आणि दमला.

थंडी पडली. कालवांचे दिवस आले. एका सकाळी चालायला निघताना मी स्वतः कॅलेंडर वाचले. द्वितीया. वळून पाहिले तर मालतीच्या हातात टोपली आणि कोयता होता. वाळूपर्यंत आम्ही नेहमीच्या वेगाने चाललो. नेहमीप्रमाणे ती मथुरेच्या सुनेविषयी बोलत होती. सुरूच्या रांगेपाशी ती थांबली.

"पानी कवा?"

द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडला भरती झाली, साडेसातला ओहोटी. मी ते मनात पुन्हा केले. मग म्हणालो, "साडेसातपर्यंत उतरेल. आठच्या आत तू वाळूवर परत ये." आणि जे मी आयुष्यात कधी कोणाला म्हणालो नव्हतो ते म्हणालो, "फोनमध्ये बघून घे."

तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला. हात लांब करून धरला. अंगठा दोनदा फिरवला.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली, आणि सखल पट्टा ओलांडून खडपाकडे गेली.

तिचा चष्मा घरी होता. देव्हाऱ्याच्या कडेला, काड्या मिटून ठेवलेला मी निघताना पाहिला होता, आणि ते मला आठवत होते. चष्म्याशिवाय तिला फोनवर कोणाचे नाव आले आहे, हेही वाचता येत नाही.

मी सुरूखाली बसलो नाही. पट्ट्याच्या काठाशी, पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. पाणी उतरले, थांबले. आठ वाजण्याच्या बऱ्याच आधी मी हाक मारली. ती आली. तिचे पाय घोट्यापर्यंतही भिजले नव्हते. मग आम्ही दोघे कोरड्या वाळूवर थांबलो. काही वेळाने पट्ट्याच्या दक्षिणेकडून पाण्याची एक बारीक जीभ आत आली.

"पानी आलं," ती म्हणाली.

"आले."

टोपली भरलेली होती. ती मी उचलली. डॉक्टरांनी वजन उचलायला सांगितले आहे.